बेगमपेठला जाण्यापूर्वी

दुल्हाभाईंनी प्लॉटची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीतून काढून आमच्यासमोर ठेवली, तेव्हा २०२४ च्या जानेवारीचा पहिला आठवडा होता. चहा तसाच निवत होता. ते म्हणाले, "गिऱ्हाईक मिळालंय. आठ दिवसांत बयाणा देतो म्हणतो. तुम्ही दोघं एकदा वाचून बघा."

दुल्हाभाई म्हणजे आमच्या आपाचे यजमान. जालन्यात त्यांचे मोटारसायकल दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. गावाबाहेरचा तो प्लॉट त्यांनी सहा वर्षे हप्ते भरून घेतला होता. थोरल्या मुलीला विमानाची इंजिनिअर व्हायचे होते. मुलगी गॅरेजातच वाढलेली. आठवीत असताना ती कार्ब्युरेटर खोलून साफ करून परत बसवायची. बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली आणि भौतिकशास्त्र-गणित घेऊन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बसली. पण मन विमानात. अशात एका संस्थेची जाहिरात तिच्या मोबाइलवर आली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, सहा लाख फी, नोकरीची शंभर टक्के हमी. फोन केला तर पलीकडून सांगितले, "जानेवारीच्या बॅचच्या दोनच जागा शिल्लक आहेत, टोकन भरून ठेवा."

आम्ही दोघेही शिक्षक. शाळेतल्या मुलांना डी.एड., नर्सिंग, आय.टी.आय. याबद्दल चार गोष्टी सांगू शकतो. विमानाबद्दल काय सांगणार? घरातून एकच सूचना आली आणि ती पटली. "मुलीला उद्या ज्यांनी नोकरी द्यायची आहे, त्यांनाच आधी विचारू. ते सगळे एकाच ठिकाणी भेटतात ना, हैदराबादला?"

भेटतात. दर दोन वर्षांनी भेटतात. आणि तिथे कसे जाऊ नये, हेही आम्हाला अनुभवाने माहीत होते.

हे प्रदर्शन म्हणजे नेमके काय

त्याचे नाव 'विंग्ज इंडिया'. केंद्र सरकारचे नागरी विमान वाहतूक मंत्रालय, भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि 'फिक्की' ही उद्योगांची संघटना मिळून ते भरवतात. जागा हैदराबादचा जुना बेगमपेठ विमानतळ. २००८ साली शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला आणि बेगमपेठची प्रवासी विमाने तिकडे गेली. धावपट्टी मात्र शाबूत आहे, म्हणून प्रदर्शनाला विमाने थेट उतरवता येतात. आपल्या देशातले दुसरे मोठे प्रदर्शन बंगळुरूजवळच्या येलहंका हवाई तळावर भरते, 'एरो इंडिया'. पण तिथे भर लढाऊ विमानांवर आणि संरक्षण सामग्रीवर असतो. प्रवासी विमाने, विमानतळ आणि त्यातल्या नोकऱ्या यांबद्दल विचारायचे असेल तर बेगमपेठ बरे. कोकणातल्या ज्या घरांचे कुणी आखातात आहे, त्यांना दुबईचे प्रदर्शनही ऐकून माहीत असेल. त्याच्या मुख्य आवारात मात्र या व्यवसायातल्या माणसांनाच प्रवेश असतो.

मराठवाड्याच्या माणसाला बेगमपेठ तसे परके नाही. १९४८ पर्यंत औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड हे सगळे हैदराबाद संस्थानातच होते. त्या काळी संस्थानची स्वतःची विमान कंपनी होती, डेक्कन एअरवेज. तिचा तळ बेगमपेठलाच. प्रेम माथुर यांनी १९४७ मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. एका बाईला विमान चालवायला द्यायला बाकीच्या कंपन्या तयार नव्हत्या, तेव्हा त्यांना पहिली नोकरी याच कंपनीने दिली. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. याच शहराच्या जुन्या भागातली, बेकरीत काम करणाऱ्या बापाची लेक सलवा फातिमा आपल्या काळात व्यावसायिक वैमानिक झाली. हे भाचीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मामू, मला चालवायचं नाही, दुरुस्त करायचंय."

पहिल्या खेपेची फजिती

२०२२ साली आम्ही मुलांना घेऊन असेच उठून गेलो होतो. उरुसाला जावे तसे. दोन चुका केल्या आणि दोन्ही आमच्याच.

पहिली चूक दिवसाची. हे मुळात व्यापाऱ्यांचे प्रदर्शन आहे. सुरुवातीचे दिवस कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहाराचे असतात. विमाने विकणारे, घेणारे, सुटे भाग बनवणारे, विमानतळ बांधणारे, सरकारी अधिकारी यांच्या बैठका चालू असतात. सामान्य माणसांसाठी शेवटचे दिवस राखलेले असतात. आम्ही ते न वाचता व्यापारी दिवशीच फाटकावर जाऊन उभे राहिलो. मार्चचे ऊन, धाकटा खांद्यावर, आणि हातात चुकीच्या दिवसाची नोंदणी. त्या दिवशी मुलांना चारमिनार दाखवून मुक्कामाला परतलो.

दुसरी चूक डोळ्यांची. योग्य दिवशी आत गेलो ते आकाशाकडे बघत राहिलो. हवाई कसरती पाहिल्या, विमानांसमोर फोटो काढले, दालनांमधून चकचकीत पत्रकांच्या तीन पिशव्या भरल्या आणि घरी आलो. पत्रके रद्दीत गेली. कुणाशी एक वाक्य बोललो नव्हतो. हजारो रुपये खर्चून आम्ही जत्रा बघून आलो होतो.

म्हणून या वेळी आधी बसून ठरवले.

दोन पानांची वही

आमच्या घरी एक पद्धत आहे. डॉक्टरकडे जाण्याआधी प्रश्न कागदावर लिहून न्यायचे, म्हणजे तिथे गेल्यावर जीभ अडत नाही. तेच इथे केले. भाचीला शंभर पानी वही दिली आणि म्हटले, दोनच पाने भरायची. एका पानावर कुणाला भेटायचे, दुसऱ्यावर काय विचारायचे.

भेटायच्या यादीत चार प्रकारची माणसे आली. विमान कंपन्यांची माणसे. विमानांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या कंपन्या, ज्यांना या धंद्यात 'एमआरओ' म्हणतात. विमानतळ प्राधिकरणाचे दालन. आणि प्रशिक्षण संस्था, पण त्या सगळ्यांत शेवटी. क्रम मुद्दाम तसा ठेवला. शिकवणाऱ्याला फी हवी असते, नोकरी देणाऱ्याला काम येणारे माणूस हवे असते. आधी दुसऱ्याचे ऐकावे.

प्रश्न तीनच ठरले. तुमच्याकडे या कामावर घेताना कोणता कागद बघता? तो कागद कोण देते? आणि तो हातात आल्यावर पहिल्या वर्षी माणूस नेमके काय काम करतो?

दुल्हाभाईंना आम्ही एवढेच म्हटले, "बयाणा पंधरा दिवस पुढे ढकला. आधी हैदराबाद, मग सही." त्यांना ते जड गेले. दोन जागांतली एक जाईल, अशी धास्ती होती. आपा तर रागावलीच. म्हणाली, "पोरीचं नशीब खुलतंय आणि तुम्ही सहली काढताय." पण दुल्हाभाई आले. गॅरेज दोन दिवस बंद ठेवून आले.

शनिवारी काय झाले

जालन्याहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादेत आपाच्या चुलत सासऱ्यांकडे उतरलो. शनिवारी सकाळी मेट्रोने बेगमपेठच्या बाजूला गेलो. या वेळी जानेवारी होता, ऊन सोसण्यासारखे होते आणि नोंदणी बरोबर दिवसाची होती.

त्या वर्षी प्रदर्शनाची चर्चा मोठी होती. एअर इंडियाचे पहिले ए-३५० विमान याच मैदानावर लोकांसमोर आले होते. बोइंगचे ७७७-९ भारतात पहिल्यांदाच आले होते. त्याच्या पंखांची टोके जमिनीवर असताना घडी घालून वर करता येतात, म्हणजे एवढे मोठे विमानही ठरलेल्या जागेत उभे राहते. अकासा या नव्या कंपनीने १५० विमानांची मागणी नोंदवल्याची बातमी तिथूनच आली. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, इंडिगोने एअरबसकडे एकदम ५०० विमाने मागितली होती आणि एअर इंडियाने दोन कंपन्यांकडे मिळून ४७०. दुल्हाभाईंनी हे आकडे ऐकले आणि गॅरेजवाल्याच्या हिशेबाने एकच वाक्य बोलले, "म्हणजे एवढ्यांची सर्व्हिसिंग कुणाला तरी करावी लागणार."

खरे आहे. पण ती कुणी करायची, याचे नियम कडक आहेत.

ते आम्हाला एका देखभाल कंपनीच्या दालनातल्या चाळिशीच्या माणसाने समजावले. सुरुवातीला तो आमच्याशी बोलायला फारसा उत्सुक नव्हता. आम्ही काही विकत घेणारे नव्हतो. पण भाचीने वही उघडून पहिला प्रश्न विचारला आणि त्याने खुर्ची पुढे केली.

त्याने सांगितलेले थोडक्यात असे. विमानाची दुरुस्ती झाल्यावर 'हे विमान उडायला योग्य आहे' अशी सही करायचा अधिकार परवानाधारक अभियंत्याला असतो. तो परवाना देते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. संस्था परवाना देत नाही, देऊच शकत नाही. संस्था फक्त शिकवते. परवान्यासाठी डीजीसीएच्या विषयवार परीक्षा पास व्हाव्या लागतात आणि शिवाय खऱ्या विमानांवर कामाचा अनुभव लागतो. इंजिन आणि यांत्रिक भाग पाहणाऱ्याचा गट वेगळा, त्याला बी-१ म्हणतात. विजेची आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पाहणाऱ्याचा गट बी-२. शिकवणाऱ्या संस्थेला डीजीसीएची 'कार-१४७' या नियमाखाली मान्यता असावी लागते आणि अशा संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

भाचीने विचारले, "आणि संस्थेने दिलेलं प्रमाणपत्र?"

तो हसला नाही, हे आम्हाला बरे वाटले. म्हणाला, "बेटा, मी परवाना बघतो. नाहीतर परीक्षेचे निकाल बघतो."

तिने त्या संस्थेचे नाव सांगितले. त्याने नाव ऐकले, मत दिले नाही. फक्त म्हणाला, "यादी उघडा." तिथेच उभ्या उभ्या तिने मोबाइलवर यादी उघडली. वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. मग मोबाइल अब्बांच्या हातात दिला. दुल्हाभाईंनी चष्मा लावून सावकाश एकेक नाव वाचले. त्यांना हवे होते ते नाव त्यात नव्हते.

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने बाहेर येऊन पाणी प्यायले आणि तोंडावर हबका मारला.

दुपारी जोहरची नमाज झाल्यावर प्राधिकरणाच्या दालनात गेलो. तिथे जे कळले ते आमच्या वहीत नव्हतेच. हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे टॉवरमध्ये आणि रडारसमोर बसून विमानांना वाट देणारा माणूस. ही नोकरी प्राधिकरणाची आहे. तिच्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. स्पर्धा परीक्षा होते. वयाची मर्यादा सर्वसाधारण गटाला २७ वर्षे, आरक्षित गटांना सवलत. निवड झाल्यावर प्रशिक्षण प्राधिकरणच देते. भाची जी पदवी 'तोवर वेळ घालवायला' म्हणून करत होती, तीच पदवी हे दार उघडणारी होती. फी होती तिच्या कॉलेजची, वर्षाला काही हजार.

सर्वांत शेवटी प्रशिक्षण संस्थांचे स्टॉल केले. आता आम्हाला काय विचारायचे ते कळत होते. मान्यता कोणत्या गटाची आहे? प्रत्यक्ष कामाचा अनुभव कोणत्या कंपनीत देता, त्याचा लेखी करार आहे का? मागच्या तुकडीतल्या किती मुलांनी डीजीसीएच्या परीक्षा पूर्ण केल्या? काहींनी नीट उत्तरे दिली, कागद दाखवले. काहींनी पत्रक हातात दिले आणि पुढच्या माणसाकडे वळले. दोघांतला फरक आता दुल्हाभाईंनाही दिसत होता.

संध्याकाळी सारंग पथकाची हेलिकॉप्टरे आकाशात एकमेकांना कापत गेली तेव्हा आम्ही मान वर केली. त्या दिवशी ती आम्ही निवांत मनाने पाहिली.

तुम्ही जाणार असाल तर

२०२६ चे 'विंग्ज इंडिया' जानेवारीत २८ ते ३१ तारखेला, बेगमपेठलाच ठरले. वार बुधवार ते शनिवार. ज्या घरात दहावी-बारावीचे किंवा पदवीचे मूल आहे आणि विमानाचे वेड आहे, त्यांनी जरूर विचार करावा. आमच्या दोन खेपांचे शहाणपण असे :

सामान्यांसाठी कोणते दिवस आहेत ते अधिकृत संकेतस्थळावर पाहून मगच गाडीचे आरक्षण करा. नोंदणी घरूनच करा, तिची प्रिंट आणि प्रत्येकाचे आधार कार्ड जवळ ठेवा. लहान मुलांना नेता येते का, किती वयापासून, हेही तिथेच वाचा. मूल फार लहान असेल तर आजीकडे ठेवलेले बरे. दिवसभर चालावे लागते.

सिकंदराबाद स्टेशनला उतरलात तर निळ्या मार्गिकेची मेट्रो सोयीची आहे. रसूलपुरा आणि प्रकाश नगर ही स्थानके जुन्या विमानतळाच्या बाजूची. गाडी घेऊन गेलात तर रस्त्यातच तास जातो.

शुक्रवारी जाणार असाल तर जुम्म्याची वेळ आधी हिशेबात धरा. बेगमपेठमध्येच पायगाह घराण्याच्या विकार-उल-उमरा यांनी बांधलेली मशीद आहे. १९०६ साली पूर्ण झालेल्या या मशिदीला तिच्या बांधणीवरून लोक 'स्पॅनिश मशीद' म्हणतात. बाहेर पडलो की पुन्हा आत सोडतात का, हे मात्र फाटकावर विचारून मगच निघा.

सकाळचे पहिले दोन तास दालनांना द्या, तेव्हा गर्दी कमी असते आणि माणसे बोलायला मोकळी असतात. कसरती दुपारीही पाहता येतात. प्रश्न मुलाने किंवा मुलीनेच विचारावेत. आपण मागे उभे राहावे. आमच्या भाचीने वही उघडली तेव्हा समोरच्याने जे सांगितले, ते आम्ही विचारले असते तर सांगितले नसते.

मुलाला वैमानिक व्हायचे असेल तर एक गोष्ट मनात कोरून ठेवा. आधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी, नंतर फी. व्यावसायिक परवान्याला किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि सगळा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. तेवढे पैसे भरल्यावर डोळ्यांत किंवा कानांत काही निघाले तर परत कोण देणार?

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. प्रदर्शनात कुठेही टोकन भरू नका. 'आजच्या दिवस सवलत' म्हणणाऱ्याला सलाम करून पुढे व्हा. घरी या, यादी तपासा, दोन जाणत्यांना विचारा, मग ठरवा. हैदराबाद लांब वाटत असेल तर आपल्याच राज्यात नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचे केंद्र आहे, नाशिकजवळ ओझरला 'एचएएल' आहे, गोंदियाजवळ बिरसीला वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. तिथे काम करणारा ओळखीचा माणूस मिळाला तर अर्धे प्रश्न घरबसल्या सुटतात.

प्लॉट अजून तिथेच आहे

परतीच्या गाडीत दुल्हाभाई खिडकीशी बसून होते. परभणी गेल्यावर म्हणाले, "मी गाडी घ्यायला येणाऱ्याला रोज सांगतो, इंजिन सुरू करून बघा, मगच पैसे द्या. पोरीच्या बाबतीत मीच विसरलो." आम्ही काय बोलणार? शिकवण्याचा धंदा आमचा, आणि आम्हीही पहिल्या खेपेला नुसती पत्रकेच गोळा केली होती.

भाची आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नियंत्रकाच्या परीक्षेची तयारी करते आहे. जागा थोड्या, बसणारे पुष्कळ, हे तिला ठाऊक आहे. इंजिनाचा नादही सुटलेला नाही. परीक्षा जमली नाही तर यादीतल्या दोन संस्थांची नावे तिने त्याच वहीत लिहून ठेवली आहेत, फीच्या आणि शैक्षणिक कर्जाच्या आकड्यांसकट. निर्णय तिचा आहे आणि या वेळी तो डोळे उघडे ठेवून होईल, इन्शाअल्लाह.

गावाबाहेरचा प्लॉट तसाच आहे. आपाने तिथे यंदा दोन सीताफळे लावली. जानेवारीत आम्ही पुन्हा बेगमपेठला जाणार आहोत. या वेळी धाकट्याची पाळी आहे, तो दहावीत आहे. वही त्याने स्वतःच आणली. पहिला प्रश्न काय लिहिलास म्हणून विचारले, तर म्हणतो, "ते तिथल्या माणसालाच सांगेन."